अग्निशमन दलाचं काम चित्रांतून नोंदवताना

प्रश्न नाशिकच्या एका उपयोजित कलेच्या विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: आपल्या शहराच्या अग्निशमन दलाचं काम वर्षभर रेखाटनांतून नोंदवायचं आहे. परवानगी कुणाकडे मागायची, आगीच्या ठिकाणी उभं कुठे राहायचं, साहित्य काय न्यायचं, ज्यांचं घर जळतंय त्यांच्या दुःखाचं काय करायचं? आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना हातानं काढलेल्या चित्राला काही अर्थ उरतो का? मी मुंबईत बरीच वर्षं हेच काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्यावरच उभी आहेत.

आगीचा फोटो बहुतेक वेळा आगीचाच असतो. ज्वाळा, धूर, काळवंडलेल्या खिडक्या, खाली जमलेली गर्दी. विझवणारी माणसं त्यात पाठमोरी आणि लहान दिसतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. त्या दिवसाचे जे फोटो पुन्हापुन्हा छापले जातात ते स्फोटानंतरचे आहेत: आभाळभर धूर आणि ढासळलेली गोदामं. पण पहिला स्फोट झाला चार वाजून सहा मिनिटांनी, आणि जहाजाच्या पोटातून धूर येतोय हे कळलं होतं दुपारी दोनच्या आसपास. मधला सगळा वेळ ती माणसं जहाजावर होती. एकाच कप्प्यात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं, आणि त्यावर ती शेकडो टन पाणी सोडत होती. कोण कुठे उभं होतं, किती होज, म्हणजे पाण्याचे पाइप, आत गेले होते, डेक तापला तेव्हा कोणी पाय कुठे हलवला, यातलं काहीच आपल्या नजरेसमोर उभं राहत नाही. भायखळ्याच्या मुख्यालयात दरवर्षी त्या ६६ जणांना मानवंदना दिली जाते. मला दरवर्षी वाटतं की ते दोन तास कुणीतरी काढून ठेवायला हवे होते.

चित्राची गरज आहे ती इथे. फोटो एक क्षण पकडतो. कसलेला रेखाटनकार दहा मिनिटांचं काम एका कागदावर मांडू शकतो: डावीकडे पंप सुरू होतोय, मध्ये होज ताणला जातोय, उजवीकडे शिडीवर माणूस चढतोय. कामाचा क्रम, एकमेकांवरचा भरवसा, कुणाचं लक्ष कुणाकडे आहे हे चित्रात दाखवता येतं. शिवाय काय वगळायचं हेही तुमच्या हातात असतं, आणि या विषयात ती फार मोठी गोष्ट आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

हे जमतं याचा सगळ्यात ठोस पुरावा लंडनचा. सप्टेंबर १९४० पासून तिथे रात्रीमागून रात्री बॉम्ब पडत होते. त्याआधीच, १९३८ मध्ये, शहरांसाठी सहाय्यक अग्निशमन सेवा उभारली गेली होती आणि तिच्यात कितीतरी चित्रकार भरती झाले होते. लेनर्ड रोझोमन, पॉल डेसाऊ, बर्नार्ड हेलस्टोन, रेजिनाल्ड मिल्स ही त्यांतली काही नावं. आग विझवायची आणि मग तीच आग काढायची, असं त्यांचं चाललं होतं. १९४१ मध्ये या फायरमन-चित्रकारांची प्रदर्शनं रॉयल अकॅडमीत भरली. रोझोमनचं एक तैलचित्र आज इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. शू लेन नावाच्या गल्लीत होज धरून उभ्या असलेल्या दोघांवर अख्खी भिंत कोसळते आहे. थोड्याच वेळापूर्वी तो होज रोझोमनच्या हातात होता. दुसरा माणूस त्याच्या जागी आला आणि भिंत खाली आली. ते चित्र मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते. तिथे पाय कसे रोवावे लागतात, नजर कुठे असते, हे काढणाऱ्याला स्वतःच्या अंगानं माहीत होतं, आणि ते माहीत असणं चित्रात उतरलं आहे.

तुम्ही फायरमन होणार नाही. पण त्यांच्या अंगाला काय होतं हे शिकायला तुम्हाला केंद्रावर भरपूर वेळ घालवावा लागेल. म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात आग्रहाचा सल्ला: सुरुवातीचे काही महिने आगीकडे फिरकूही नका. केंद्रावर बसा.

परवानगीसाठी अर्ज महापालिका आयुक्तांच्या नावे, मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांमार्फत. नगरपरिषदेच्या गावात मुख्याधिकाऱ्यांकडे. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक भागात एमआयडीसीची स्वतःची अग्निशमन यंत्रणा असते, तिथे वेगळा अर्ज लागतो. अर्जात तीन गोष्टी स्वच्छ लिहा. तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर येत आहात आणि घटनास्थळी अधिकारी सांगतील तिथेच थांबाल. जखमी वा मृत माणसाची ओळख पटेल असं काहीही काढणार नाही. आणि प्रसिद्ध करण्याआधी चित्रं केंद्र अधिकाऱ्यांना दाखवाल. या तिसऱ्या अटीला काही कलावंत नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. दाखवणं आणि संमतीसाठी हात पसरणं यांत फरक आहे, आणि दाखवल्यामुळे माझी चित्रं सुधारलीच आहेत. साहेबांनी तोंडी ‘या की’ म्हटलं तरी कागद हातात असू द्या, कारण पाळी बदलते, अधिकारी बदलतात आणि नव्या माणसाला तुम्ही कोण हे माहीत नसतं.

केंद्रावर काढण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. वर्दी, म्हणजे मदतीसाठीची हाक, नसते तेव्हा नुसती माणसं बसलेली असतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. सकाळी पाळी बदलताना जाऊन बघा. हजेरी होते, मग प्रत्येक गाडीवरचं सामान एकेक करून तपासलं जातं: होजच्या गुंडाळ्या, ब्रँच (होजच्या टोकाचं पाणी सोडायचं तोंड), कपलिंग (होज जोडायचे सांधे), दोर, शिड्या, हायड्रंटच्या (आगीसाठीच्या पाण्याच्या नळाच्या) चाव्या, बी.ए. सेटच्या (धुरात श्वास घ्यायला पाठीवर लावायच्या हवेच्या संचाच्या) सिलेंडरमधला दाब. पंप चालवून पाहतात. वॉच रूममध्ये फोनपाशी एक जण सतत बसलेला असतो, समोर नोंदवही आणि भिंतीवर शहराचा नकाशा. रात्रीच्या आगीहून आलेले होज धुऊन ड्रिल टॉवरवर उभे टांगलेले असतात, कारण ओला होज गुंडाळला तर आतून कुजतो. कुणीतरी गमबूट उपडे करून ठेवलेले असतात. मुंबईत कित्येक केंद्रांच्या आवारातच कर्मचाऱ्यांची घरं आहेत, त्यामुळे ड्रिल चालू असताना कडेला मुलं सायकल शिकत असतात. हे सगळं अग्निशमन दलाचं काम आहे. वर्षभराच्या नोंदीत निम्म्याहून जास्त पानं याचीच असली तर ती नोंद खरी, असं मी मानते.

इथे बसलात की माणसांशी ओळख होते. सुरुवातीला मला सगळे ‘मॅडम’ म्हणायचे आणि मी वही उघडली की केस नीट करून ताठ उभे राहायचे. वही बघून कंटाळल्यावर ते कामाला लागले, आणि मी ‘ताई’ झाले. त्यानंतरची रेखाटनं ठेवण्यासारखी आहेत. ही ओळख आगीच्या ठिकाणी उपयोगी पडते: तुम्ही कुठे उभ्या आहात हे त्यांना ठाऊक असतं आणि त्यांची एक काळजी कमी होते.

आता शरीराबद्दल, कारण चित्रं सगळ्यात जास्त चुकतात ती इथे.

होज रिकामा असतो तेव्हा कापडी पट्टीसारखा चपटा पडलेला असतो. पाणी भरलं की तो फुगतो, कडक होतो आणि सरळ व्हायला बघतो. वळण असेल तिथे मोठी कमान घेतो, आणि फार तीव्र वळवला तर तिथे मुरड पडून पाणी अडतं. नवखे चित्रकार पाणी भरलेला होज जमिनीवर लोळणाऱ्या दोरासारखा काढतात. फायरमन ते एका नजरेत ओळखतो आणि उरलेल्या चित्रावरचा त्याचा विश्वास तिथेच उडतो. नेहमीचा डिलिव्हरी होज ६३ मिलिमीटरचा असतो. ब्रँचमधून पाणी जोरात बाहेर पडतं तेव्हा ते धरणाऱ्याला तितक्याच जोरानं मागे ढकलतं. म्हणून तो पुढच्या पायावर वाकलेला असतो, मागचा पाय टाचेपर्यंत टेकलेला, आणि त्याच्या मागे दुसरा माणूस काखेत होज दाबून त्याचा धक्का स्वतःच्या अंगावर घेत असतो. या दोघांमधला अंतराचा आणि वजनाचा संबंध काढता आला की चेहरा काढला नाही तरी चालतं. ड्रिलच्या वेळी मुद्दाम पाणी बंद करण्याच्या क्षणाकडे लक्ष ठेवा. मागचा रेटा अचानक संपतो आणि पुढचा माणूस किंचित पुढे झुकतो. तो झुकाव एकदा पाहिला की जोर कसा लागला होता हे कळतं.

पाठीवर बी.ए. सेट असला की मणक्याची रेषाच बदलते. वजन मागे जातं, म्हणून माणूस कमरेतून पुढे येतो, मान थोडी वर राहते. धुरात शिरताना तो वाकून, पाय न उचलता सरकवत जातो. वजन मागच्या पायावर, कारण पुढे जमीन आहे की नाही हे आधी पुढचा पाय चाचपतो. भिंत चाचपतो ती हाताच्या मागच्या बाजूनं. उघड्या वायरला तळहात लागला तर मूठ आवळली जाते आणि वायर सुटत नाही. मागची बाजू लागली तर हात दूर फेकला जातो. हे मला एका जुन्या लीडिंग फायरमननं स्वतः करून दाखवलं. तेव्हापासून धुरातली आकृती काढताना मी सगळ्यात आधी तो उलटा हात काढते.

अंगावरच्या जाड कपड्यांत सगळे सारखेच दिसतात, असं वाटेल. दिसत नाहीत. चाल लपत नाही. मुंबईच्या दलात आता बायकाही आहेत. आणि देशातल्या पहिल्या महिला फायरफायटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हर्षिनी कान्हेकर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात शिकून या क्षेत्रात आल्या, तो महाराष्ट्राच्या अभिमानाचा भाग आहे. तुमच्या वहीत स्त्रियांचं काम वेगळं सजवून दाखवू नका, पण त्यांना गाळूही नका. शिडी खांद्यावर घेताना प्रत्येकाचं शरीर आपापली युक्ती शोधतं, तेवढं बारकाईनं बघा.

केंद्रावर पुरेसं रुळल्यावर वर्दीवर जा. आणि सगळ्या वर्द्या आगीच्या नसतात. पावसाळ्यात झाडपडी, संक्रांतीच्या आसपास मांज्यात अडकलेले पक्षी, बंद पडलेली लिफ्ट, गॅसगळती, विहिरीत पडलेलं जनावर. नाशिकला तर गोदावरी आहे. पूर आला की शहर दुतोंड्या मारुतीकडे पाहून पाणी किती चढलं ते सांगतं. तुम्हीही प्रत्येक रेखाटनात त्या मूर्तीपाशी पाणी कुठवर आहे ते दाखवा, म्हणजे चित्राला आपोआप मोजमाप मिळेल. जुन्या नाशकातले वाडे पावसात खचतात आणि दलाची माणसं लाकडी तुळयांखाली हातानं माती उपसतात. सिंहस्थ येतो आहे, तेव्हा घाटांवरची तयारी काढायला मिळेल. मोठ्या आगीपेक्षा या कामांत तुम्हाला जवळ उभं राहता येतं, आणि हात तयार होतो.

प्रत्यक्ष आगीच्या ठिकाणी नियम थोडे आहेत आणि त्यांना अपवाद नाही. गाडीतून उतरलात की घटनास्थळाच्या प्रमुख अधिकाऱ्याला दिसाल अशा जागी थांबा. तो सांगेल तिथे जा. मग तिथून हलू नका. पंप, हायड्रंट आणि गाड्यांचा रस्ता यांच्या मध्ये कधीच नाही. इमारतीच्या उंचीच्या किमान दीडपट अंतर ठेवा. भिंत बाहेरच्या बाजूला आडवी पडली तर ती स्वतःच्या उंचीइतकी जागा घेतेच, शिवाय विटा उडतात. जुन्या, लाकडी सांगाड्याच्या इमारतीपाशी याहूनही लांब. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली आणि इमारत कोसळली. मुंबई दलानं चार अधिकारी गमावले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्यांत होते. अनुभवानं एवढ्या मोठ्या झालेल्या माणसांनाही जुनी इमारत फसवते, तर आपण वही घेऊन पुढे सरकायचा प्रश्नच येत नाही. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उभ्या राहा, म्हणजे धूर तुमच्यापासून लांब जाईल. नाकाला प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला तर आणखी मागे या.

तिथे उभं राहून पूर्ण चित्र होत नाही. मी होऊही देत नाही. घटनास्थळी फक्त तीन गोष्टी घेते: मोठे आकार, कोण कुठे आहे, आणि वेळ. इमारतीची बाह्यरेषा, गाड्यांच्या जागा, होज कुठून कुठे गेलेत, शिडी कोणत्या मजल्याला लागली आहे. कडेला घड्याळ बघून वेळ. उरलेलं केंद्रावर परतल्यावर, डोळ्यांपुढे ताजं असताना.

धुराकडे मात्र नीट पाहा, कारण चित्रकाराचा डोळा दलाच्या खऱ्या उपयोगी पडतो तो इथे. रबर, प्लॅस्टिक, तेल जळतं तेव्हा धूर दाट काळा असतो. लाकूड अजून पेटलेलं नाही पण तापलंय तेव्हा तो तपकिरी दिसतो. पाणी पडायला लागलं की वाफ मिसळून पांढुरका, फुगीर होतो. रंगाइतकाच महत्त्वाचा त्याचा वेग. सावकाश वर चढणारा धूर आणि फटींतून दाबानं बाहेर फेकला जाणारा धूर हे दोन वेगळे धोके आहेत. बंद खोलीतून धूर आत-बाहेर श्वास घेतल्यासारखा होत असेल तर दार उघडताच भडका उडू शकतो, हे प्रत्येक फायरमनला शिकवलेलं असतं. तुमच्या रेखाटनांत साडेसातला काळा, पावणेआठला पांढरा, अशी नोंद असेल तर ती नुसती सुंदर छटा राहत नाही. एका केंद्र अधिकाऱ्यांनी माझ्या अशा पानांचा उपयोग नव्या मुलांना शिकवताना केला. तेव्हा मला फार समाधान वाटलं.

गर्दीत सगळे वर बघत असतात. तुम्ही खाली बघा. पंपापाशी यंत्रचालक दाबाच्या काट्यावर डोळे लावून उभा असतो. आत गेलेल्यांचं पाणी त्याच्या हातात आहे आणि त्याला आग दिसतही नसते. बी.ए. सेट लावून माणसं आत गेली की दारापाशी एक जण त्यांची नावं, आत गेल्याची वेळ आणि सिलेंडरचा दाब लिहून घेतो. ३०० बारचा सिलेंडर भरलेला असतो, आणि दाब ५५ बारच्या आसपास उतरला की सेटची शिट्टी वाजते, म्हणजे बाहेर यायची वेळ झाली. तो माणूस हातातल्या फळीवरून घड्याळाकडे आणि घड्याळावरून दाराकडे बघत राहतो. सबंध घटनास्थळी सगळ्यात जास्त ताण मला त्याच्या खांद्यांत दिसला आहे. बातमीत तो कधीच येत नाही.

आणि आग विझली की निघू नका. बातमीदार जातात, गर्दी पांगते, आणि मग कूलिंग सुरू होतं. राखेखाली धग असते, म्हणून आकड्यांनी, फावड्यांनी सगळं उलथंपालथं करून पुन्हा पाणी मारावं लागतं. मोठ्या गोदामात हे दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतं. माणसं थकलेली असतात, कुणी फुटपाथवर बसून हेल्मेटमधलं पाणी काढतो, कुणी चहा घेताना दोन्ही हातांनी पेला धरतो कारण बोटं थरथरत असतात. माझ्या संग्रहातली सगळ्यात चांगली पानं या तासांतली आहेत.

आता आतल्या कामाबद्दल. जे तुम्ही पाहू शकत नाही ते काढायचं का? काढायचं, पण प्रामाणिकपणे. धुरानं भरलेल्या खोलीत कॅमेऱ्यालाही काही दिसत नाही. परत आल्यावर, आंघोळ-जेवण झाल्यावर, आत गेलेल्या माणसाला विचारा आणि त्याच्या हातात पेन्सिल द्या. बहुतेकजण ‘मला चित्र येत नाही’ म्हणतात आणि मग खोलीचा इतका अचूक नकाशा काढतात की थक्क व्हायला होतं: इथे दार, इथे पलंगाचा कोपरा गुडघ्याला लागला, इथे भिंत संपली, इथे आवाज आला. तो कागद जपून ठेवा. मूळ दस्तऐवज तोच. मग त्याच्याशी बोलत, पुन्हापुन्हा विचारत तुम्ही प्रसंग उभा करा. आणि प्रत्येक चित्राखाली तीनपैकी एक गोष्ट लिहा: ‘प्रत्यक्ष पाहून’, ‘आठवणीतून’, किंवा ‘सांगण्यावरून’. मी हा नियम कधीही मोडत नाही. हे तीन प्रकार एकमेकांत मिसळले तर पन्नास वर्षांनी तुमच्या वहीवर कुणी विसंबू शकणार नाही.

याच कारणानं चित्राखाली आगीचं कारण लिहू नका. ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत गर्दीतून ऐकू येतो. कारण चौकशीतून ठरतं, त्याला वेळ लागतो, आणि त्यावर कुणाची तरी नोकरी, कुणाची तरी विमा-भरपाई अवलंबून असते. तुम्ही पाहिलं तेवढंच लिहा.

ज्यांचं घर जळतंय त्यांच्याबद्दल. मला इथे चित्रकार चित्तप्रसादांची आठवण सोडत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरले आणि भुकेनं मरणाऱ्या माणसांना काळ्या शाईनं काढलं. पुढे आयुष्याचा मोठा काळ ते मुंबईत अंधेरीला राहिले. त्यांच्या चित्रांतली माणसं दयेचा विषय होऊन समोर येत नाहीत. एकेक माणूस, एकेक गाव म्हणून येतात. दुःख काढण्याचा अधिकार चित्रकाराला आहे का, या प्रश्नाला त्यांची चित्रं हेच मला सापडलेलं उत्तर आहे. अधिकार असतो, पण त्या माणसासमोर जाऊन उभं राहायची तयारी असली तर. दुष्काळ महिनोन् महिने चालतो. तिथे बसून बोलता येतं. आगीत माणूस सुन्न असतो, त्याची संमती घेण्याची ती वेळच नाही. म्हणून त्या रात्री मी रहिवाशांचे चेहरे काढत नाही. पाठ, हातातली पिशवी, पायात एकच चप्पल, अंगावर शेजाऱ्यानं टाकलेली चादर, एवढं पुरतं. काही आठवड्यांनी जाऊन भेटते, पान दाखवते. काही जणांनी ‘हे ठेवू नका’ म्हटलं, ती पानं मी त्यांच्या हातात दिली. काही जणांनी उलट सांगितलं की आमचं नाव लिहा. मृतदेह मी काढत नाही. ज्या फायरमननं तो बाहेर आणला त्याला नंतर बसलेला काढते, त्यानं चालेल म्हटलं तर.

साहित्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. पाणी सगळीकडे उडतं, म्हणून शाईपेन आणि पाण्यात विरघळणाऱ्या पेन्सिली केंद्रावरच ठेवा. ग्राफाइटची जाड कांडी ओलसर कागदावरही उमटते आणि तिच्या कडेनं धुराची छटा झटक्यात येते. मेणाची काळी पेन्सिलही चांगली. कोळसा पुसला जातो. हाताएवढी, जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली, म्हणजे खाली पडून कुणाच्या पायात येणार नाही. रात्रीसाठी राखी किंवा तपकिरी कागद घ्या. गणवेशावरचे परावर्तक पट्टे गाडीच्या उजेडात चमकतात, ते पांढऱ्या पेन्सिलीनं आधी टाका. अंधारात माणसाची हालचाल त्या पट्ट्यांवरूनच कळते. बंद बूट, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे. सिंथेटिक ओढणी नको. स्वतःचा टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर मारू नका.

चित्रं पूर्ण झाली की केंद्रावर सगळ्यांना एकत्र बसवून दाखवा. ‘छान आहे ताई’ यावर थांबू नका, ‘काय चुकलंय’ असं विचारा. गाठ उलटी आहे, या गाडीला शिडी डाव्या बाजूला असते, कपलिंग असं जोडत नाहीत, अशा दुरुस्त्या येतात. त्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवा, खोडून नवीन काढू नका. दुरुस्तीसकट पान जास्त मोलाचं होतं, कारण त्यात दोन माणसांचं ज्ञान असतं. प्रत्येक पानामागे तारीख, वेळ, केंद्र, उपस्थितांची पदं आणि वर सांगितलेला तिन्हींपैकी एक शेरा. नावं फक्त त्यांच्या संमतीनं. सगळी पानं स्कॅन करून एक संच केंद्राला द्या. पाळीवरच्या माणसाला त्याचं चित्र छापील प्रतीत मिळालं की तो ते घरी नेतो, आणि त्याच्या घरच्यांना कधीकधी पहिल्यांदाच कळतं की तो नेमकं काय करतो.

सुरुवात कधी करावी, तर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्या आठवड्यात केंद्रांवर आणि शाळांमध्ये प्रात्यक्षिकं होतात, लोकांना आत येऊ देतात, आणि अधिकारी बोलायला मोकळे असतात. त्यासाठी अर्ज फेब्रुवारीतच द्या. नाशिकमध्ये शिंगाडा तलावाजवळच्या मुख्य केंद्रावर जाऊन पोच घ्या. अर्जासोबत तुमच्या पाच-सहा रेखाटनांच्या छायाप्रती जोडा. आगीच्या नकोत, एसटी डेपो, रिक्षा गॅरेज, भाजी मार्केट, कुठलीही चालेल, पण माणसं काम करताना दिसली पाहिजेत.